गरोदरपणातील साखर आणि पुढच्या मुलाचा विचार
(सातारा व सांगली जिल्ह्यांतील माता मेळाव्यांसाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)

माता-भगिनींनो, आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या बांधवांनो,

तुम्हीही आत येऊन बसा. बाळंतपणाचा विषय निघाला की पुरुष मंडळी हळूच पाराकडे सरकतात. परंतु आज जे सांगावयाचे आहे त्यातला निम्मा भाग घरच्या धन्यासाठी आहे, आणि उरलेल्यातला बराचसा सासूबाईंसाठी आहे. सून बिचारी ऐकेलच. तिला ऐकून तसे वागू द्यायचे की नाही, हे बाकीच्यांच्या हातात असते.

विषय आहे गरोदरपणातील मधुमेहाचा. आपण त्याला नुसते 'साखर' म्हणतो, तेच नाव मीही घेतो. ज्या बाईला आधी कधी साखर नव्हती, तिच्या रक्तात दिवस गेल्यावर साखर वाढते आणि बाळंत झाल्यावर बहुतेक वेळा ती आपोआप उतरते. 'आपोआप उतरते' हे दोन शब्द फार घातक आहेत. ते ऐकले की घरची माणसे निर्धास्त होतात, कागद फडताळात जातो, आणि दोन वर्षांनी पुन्हा दिवस जातात तेव्हा मागचे कोणालाच आठवत नाही. याविषयी पुढे बोलायचेच आहे. आधी हे होते कसे ते पाहू.

आपण जेवतो त्या अन्नाची साखर होऊन ती रक्तात येते. रक्तातून ती अंगातल्या पेशींत पोहोचविण्याचे काम इन्सुलिन करते. हे इन्सुलिन पोटातील स्वादुपिंड नावाच्या ग्रंथीत तयार होते. कृष्णाकाठच्या माणसाला हे समजायला अवघड नाही. पाटाला पाणी आले, पण दारे धरायला गडी नसला तर उसाच्या सरीत पाणी जाईल का? ते पाटातच तुंबणार आणि काठ फोडून भलतीकडे जाणार. इन्सुलिन हा दारे धरणारा गडी. गरोदरपणात बाळाची वार काही रस सोडते, त्यामुळे या गड्याचे काम जड होते. बहुतेक बायकांचे स्वादुपिंड जादा गडी लावून वेळ निभावून नेते. ज्यांचे कमी पडते, त्यांच्या रक्तात साखर तुंबते. बाळंतपणात वार पडली की ओझे उतरते, म्हणून साखरही उतरते. आता यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या. साखर उतरली तरी गडी कमी आहेत ही गोष्ट खोटी ठरत नाही.

बाळाला याचा त्रास काय? आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते. आईचे इन्सुलिन जात नाही. मग बाळाचे इवलेसे स्वादुपिंड स्वतःच इन्सुलिन करू लागते. जादा साखर आणि जादा इन्सुलिन मिळाल्यावर बाळाच्या अंगावर चरबी चढते. चार किलोचे मूल झाले की घरात पेढे वाटतात, आणि सातारचे कंदी पेढे वाटायला निमित्त तरी कशाला लागते! पण असे बाळ जन्मताना डोके बाहेर येते आणि खांदे अडकतात. हात लुळा पडू शकतो, जीव गुदमरू शकतो, आईला इजा होऊन रक्तस्राव होतो. नाळ कापल्यावर आईकडून येणारी साखर एकदम थांबते, परंतु बाळाचे इन्सुलिन जोरातच असते. त्यामुळे पहिल्या काही तासांत बाळाची साखर एकदम खाली जाते, झटके येतात. शिवाय आईला रक्तदाब वाढण्याचा, गर्भजल जास्त होण्याचा, आणि साखर आटोक्यात नसली तर शेवटच्या आठवड्यांत बाळ पोटातच दगावण्याचा धोका असतो.

हे सारे टाळता येते. ऑस्ट्रेलियात अशी साखर असलेल्या एक हजार बायकांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना आहार, साखरेची तपासणी व लागेल तिथे इन्सुलिन असा उपचार दिला, त्यांच्यात बाळाला गंभीर इजा वा मृत्यू होण्याचे प्रमाण शंभरात एक होते. ज्यांच्याकडे नेहमीप्रमाणेच पाहिले गेले, त्यांच्यात ते शंभरात चार होते.

आता कोणी म्हणेल, "आमची सून तर काटकीसारखी आहे, तिला कुठली साखर?" हा समज पुसून टाका. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर मातांची व त्यांच्या मुलांची पाहणी केली. त्या शेतकरी घरांतल्या, कष्ट करणाऱ्या, अंगाने बारीक अशा बाया होत्या. त्यांची मुले सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधील मुलांपेक्षा पुष्कळच हलकी भरली. परंतु हाडामांसाला कमी असलेल्या त्या मुलांच्या अंगातली चरबी त्या मानाने कमी नव्हती. दिसायला बारीक आणि आतून चरबीची, अशी आपल्याकडच्या माणसांची घडण आहे. म्हणून वजनाकडे पाहून साखर ओळखता येत नाही. बाईला काही जाणवतही नाही. तहान, वारंवार लघवी, थकवा या तक्रारी गरोदरपणात तशाही असतात. आईवडिलांना मधुमेह असेल, आधीचे मूल फार मोठे झाले असेल किंवा पोटात दगावले असेल, तर धोका जास्त. पण यातले काहीही नसताना साखर निघते. देशात निरनिराळ्या ठिकाणी झालेल्या पाहण्यांत शंभर गरोदर बायकांत दहाच्या आसपास, कोठे त्याहून अधिक, असे प्रमाण दिसले आहे. तेव्हा तपासणी सर्वांची झाली पाहिजे.

तपासणी अगदी साधी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पेलाभर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचे आणि बरोबर दोन तासांनी रक्त द्यायचे. साखर १४० किंवा त्याहून जास्त भरली तर गरोदरपणातील मधुमेह समजायचा. यासाठी उपाशी यावे लागत नाही. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी ही रीत आपल्याकडच्या परिस्थितीकडे पाहून आग्रहाने मांडली, आणि केंद्र सरकारच्या २०१४ व २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत ती घेतली गेली. जतच्या वाडीवरून सकाळची एस. टी. धरून येणाऱ्या बाईला "उपाशी या, आज जेवला असाल तर उद्या या" म्हटले तर ती उद्या येत नाही, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. ग्लुकोज गोडमिट्ट लागते, मळमळते. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करावे लागते, म्हणून घाईने घटाघटा पिऊ नका.

ही तपासणी दोनदा करायची. पहिली, गरोदरपणाची नोंद करायला याल त्याच दिवशी. ती बरोबर आली तरी दुसरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान, म्हणजे सहावा सरता सरता आणि सातवा लागता लागता. वारेचा जोर तेव्हा वाढलेला असतो. दोन्हींत चार आठवड्यांचे तरी अंतर हवे. २८ आठवडे उलटल्यावर पहिल्यांदाच येणाऱ्या बाईची तपासणी त्याच दिवशी एकदा होते.

आणि नेमकी याच वेळी आपल्याकडे एक अडचण येते. सातव्यात डोहाळजेवण होते आणि पहिलटकरीण माहेरी जाते. सासरची नर्सबाई म्हणते, माहेरी होईल; माहेरची म्हणते, सासरी झाली असेल. दोन गावांच्या मध्ये तपासणी पडून राहते. म्हणून ओटी भरून गाडीत बसवताना माता व बाल संरक्षण कार्ड पिशवीत घातले का, ते सासूबाईंनी बघावे. नारळ राहिला तरी चालेल. तीच गोष्ट ऊसतोडीच्या टोळ्यांची. दिवाळीच्या सुमारास बीडकडून आणि इतर दुष्काळी भागांतून माणसे आपल्याकडच्या कारखान्यांच्या फडावर उतरतात, आणि आपल्याच माण, जत, आटपाडीकडची बाहेर जातात. पोटुशी बाईसुद्धा मोळी उचलते. तिचे नाव गावच्या यादीत नसते, पण पोटातल्या बाळाला यादी कळत नाही. आशाताईंनी कोपीवर जाऊन विचारावे, आणि टोळीच्या मुकादमाने एका दिवसाची खाडा न धरता तिला केंद्रावर पाठवावे. हे मी विनंती म्हणून सांगत नाही, हे झालेच पाहिजे.

साखर निघाली तर घाबरायचे नाही आणि उपाशीही राहायचे नाही. "साखर आहे ना, मग जेवूच नको" असे म्हणणारी शेजारीण नेहमी सापडते. तिचे ऐकले तर बाळ सुकेल. खायचे पोटभरच, पण मोजून आणि वाटून. दोन वेळा भरगच्च जेवण्याऐवजी तीन वेळा बेताचे जेवण आणि मध्ये दोन-तीनदा थोडे खाणे. एका वेळी एक-दोन भाकऱ्या. ज्वारी-बाजरी चांगलीच, पण ज्वारीची आहे म्हणून चार खाल्ल्या तर साखर वाढणारच. भाकरीच्या जोडीला मटकीची, हुलग्याची किंवा मुगाची उसळ, घट्ट वरण, पिठले. मेथी, शेपू, पालक, तांदळजा अशी पालेभाजी. ताक, मूठभर शेंगदाणे, आणि घरात चालत असेल तर अंडे, मासे. भात खायचा तर भाकरी कमी करून, वाटीभर. ताटात आधी डाळ, उसळ व भाजी संपवावी, मग भाकरीकडे वळावे. साखर सावकाश चढते.

गुळाविषयी स्वतंत्र बोलले पाहिजे, कारण आपला मुलूखच उसाचा. "साखर बंद केली, आता चहात गूळ घालते" असे बाया अभिमानाने सांगतात. भगिनींनो, गूळ उसाचाच, काकवी उसाचीच, रसवंतीचा रसही उसाचाच. गुळात थोडे लोह असते खरे. पण रक्तात गेल्यावर गुळाची साखरच होते. साखर कारखान्यातली असो की गुऱ्हाळातली, बाळाला फरक पडत नाही. लोहासाठी लोहाच्या गोळ्या केंद्रावर मिळतात. तासगावचे बेदाणे म्हणजे द्राक्षातली साखर आटवून ठेवलेली. ते मूठमूठ खाऊ नयेत. द्राक्षे, केळी, चिकू, आंबा बेताने. पेरू, जांभळे, संत्रे चालेल, पण फळाचा रस काढून पिऊ नये.

उपवासाचेही तसेच. सकाळपासून पोट रिकामे, आणि दुपारी ताटभर साबुदाण्याची खिचडी, वर रताळ्याचा कीस. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. इतके दिवस केलेली काळजी एका हरितालिकेत वाया जाते. देवाला पोटुशीचा उपवास नको असतो, हे मी डॉक्टर म्हणून सांगतो आणि गावोगावच्या जुन्या बायाही असेच सांगत आल्या आहेत. डोहाळजेवण मात्र अवश्य करा. हौस मोडायला मी आलेलो नाही. पण पाच पक्वान्ने बाईच्या तोंडात प्रत्येकीने एकेक घास घालून संपविण्यापेक्षा फुलांची वाडी भरा, गाणी म्हणा, आणि गोडाचा एक घास पुरे करा. कारल्याचा रस, मेथीचे दाणे, कसलेसे चूर्ण यांवर गरोदरपणातली साखर सोपवू नका. कारल्याची भाजी करून खा, ती उत्तम.

चालणे रोजचे अर्धा तास. जेवण झाल्यावर लगेच आडवे न होता अंगणात दहा-पंधरा मिनिटे चालले तरी साखरेत फरक पडतो. "मी दिवसभर रानात राबते, आणखी काय चालू?" असे विचारणारीने संध्याकाळी जेवल्यावर दोन चकरा घालाव्यात, डोक्यावरचा भारा मात्र घरच्या दुसऱ्या माणसाने उचलावा. ज्यांना रक्तस्राव झाला आहे किंवा डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, त्यांनी विचारूनच चालावे.

दोन आठवडे असा आहार व चालणे ठेवून पुन्हा साखर पाहतात. जेवल्यावर दोन तासांनी ती १२० च्या आत असली तर तसेच चालू ठेवायचे. नसेल तर औषध: मेटफॉर्मिनच्या गोळ्या किंवा इन्सुलिनचे इंजेक्शन. बहुतेकींना आहार पुरतो. परंतु इन्सुलिनचे नाव काढताच घरात रडारड होते, जणू काही सगळे संपले. इन्सुलिन १९२१ साली कॅनडात टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी वेगळे केले. १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा एका १४ वर्षांच्या मुलाला टोचले गेले. त्याआधी मधुमेही बाईला दिवस राहणेच दुर्मिळ होते, आणि राहिले तर आई वा मूल, कित्येकदा दोघेही, जात. इन्सुलिन बाळापर्यंत पोहोचत नाही, त्याची सवय लागत नाही, आणि गरोदरपणातल्या साखरेसाठी सुरू केलेले बहुधा बाळंतपणानंतर बंदही होते. इंजेक्शन घेऊन जेवण चुकवू नये एवढे पथ्य पाळा. अंग थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून घ्या आणि मागून काहीतरी खा.

बाळंतपण दवाखान्यातच करायचे. औषध लागलेली बाई असेल तर जिथे शस्त्रक्रियेची व बाळाच्या डॉक्टरांची सोय आहे तिथे: साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, सांगलीचे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. कुठे जायचे हे आठव्या महिन्यातच ठरवून ठेवा. बाळ जन्मल्यावर तासाभराच्या आत छातीला लावा आणि पुढे दर दोन तासांनी पाजा. त्याची साखर टिकवायला आईचा चीकच लागतो. मधाचे बोट, गुळाचे पाणी नको.

इथवर बहुतेक घरे नीट येतात. आता सुरुवातीला म्हटले त्याकडे वळू.

समजा, पलूसकडची एक सून. पहिल्या खेपेला साखर निघाली, पथ्य केले, मूल चांगले झाले. घरी आनंद. सहा आठवड्यांनी तपासणीला बोलावले होते, पण बारसे, लस, सुगी यांत ते राहून गेले. मूल वर्षाचे होते न होते तोच पाळी चुकली. दोन महिने वाट पाहून ती केंद्रावर आली. या मधल्या काळात तिची साखर कायमची वाढून बसली असेल तर? कोणी पाहिलेलीच नाही. बाळाचे हृदय, पाठीचा कणा, मेंदू हे सारे पहिल्या आठ आठवड्यांत घडते. म्हणजे बाई आमच्यापुढे येऊन बसते तेव्हा घडायचे ते घडून गेलेले असते. पहिल्या खेपेची साखर उशिरा आली होती, तेव्हा बाळाचे अवयव आधीच तयार होते. दुसऱ्या खेपेला सुरुवातीपासूनच साखर असेल तर व्यंगाचा आणि गर्भपाताचा धोका वाढतो. नंतर कितीही पथ्य केले तरी बिघडलेला अवयव सुधारत नाही.

म्हणून ज्या बाईला गरोदरपणात साखर निघाली, तिचे पुढचे मूल 'राहिले' असे होता कामा नये. ते ठरवून झाले पाहिजे. पाळणा लांबवण्याची गोष्ट आपण एरवी आईच्या अशक्तपणासाठी, मुलाच्या दुधासाठी, घरखर्चासाठी सांगतो. इथे ती बाळाच्या हृदयासाठी आहे.

करायचे ते असे. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी. या खेपेला उपाशीपोटी या. बाळाच्या दीड महिन्याच्या लसीचा दिवस आणि हा दिवस एकच धरा, म्हणजे खेप वाचेल. दोन तासांची साखर १४० च्या आत असेल तर ठीक. १४० ते १९९ म्हणजे साखर उंबरठ्यावर आहे. २०० आणि वर म्हणजे मधुमेह झाला, उपचार चालू करायचे. ठीक निघाली तरी दर वर्षी तपासायची, कारण अशा बायांना पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कैक पटींनी असतो. मूल अंगावर पाजणे, वजन आटोक्यात ठेवणे आणि तोच आहार घरादाराने चालू ठेवणे यांनी तो धोका कमी होतो.

आणि दोन मुलांत निदान तीन वर्षांचे अंतर. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत दवाखान्यातच बसवून घेता येते, किंवा सहा आठवड्यांनी. तिने साखरेवर काहीही परिणाम होत नाही, दूध कमी होत नाही. निरोध आहे. गोळ्या व इंजेक्शने आहेत, पण ती घेण्याआधी साखरेची हकिकत डॉक्टरांना सांगा. दोन मुले झाली असतील आणि पुरे असे ठरले असेल, तर पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी असते. अंगात साखर मुरलेल्या बायकोलाच टेबलावर का झोपवायचे, याचा विचार दाराशी उभ्या असलेल्या मंडळींनी करावा. ताकद जाते वगैरे काही नसते. दुसऱ्या दिवशी सायकल नका मारू, एवढेच.

सातारा जिल्ह्याला थांबण्याची गोष्ट नवी नाही. २००७ साली सातारा जिल्हा परिषदेने पहिले मूल दोन वर्षे लांबवणाऱ्या नवविवाहित जोडप्यांना ५,००० रुपये देण्याची योजना काढली होती, आणि तिची चर्चा परदेशी वर्तमानपत्रांतूनही झाली. तेव्हा लोक हसले, तरी नावे नोंदवणारी जोडपी निघालीच.

दुसऱ्या मुलाचा विचार पक्का झाला की तांबी काढण्यापूर्वी साखर तपासा. वाढलेली असेल तर आधी ती खाली आणा. गोळ्या चालू असतील तर त्या बदलायच्या का ते विचारा. फॉलिक ॲसिडची गोळी आधीपासून सुरू करा. मगच तांबी काढा. पाळी चुकली की दोन महिने थांबू नका, त्याच आठवड्यात या आणि मागच्या खेपेचे कार्ड घेऊन या.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची तपासणी मोफत होते. साखरेसाठी दोन तास बसावे लागते, म्हणून सोबत एखादी जाऊ-नणंद आणा. लहान मूल असेल तर त्याचा डबा आणा. तुमचा डबा रक्त दिल्यावर उघडायचा. ज्यांना सहावा महिना लागला आहे, आणि ज्यांना मागच्या खेपेला साखर निघाली होती पण मूल झाल्यापासून तपासणी झालेली नाही, त्यांनी आज नर्सबाईंकडे नाव लिहूनच घरी जावे. टेबल तिकडे खिडकीपाशी आहे.